पोप जॉन तेविसावे : अखेरचे आठ महिने

दि. ३ जून १९६३ रोजी सायंकाळी पोप जॉन तेविसावे यांनी व्हॅटिकनमध्ये देह ठेवला. त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ती परिषद त्यांनी असाध्य व्याधी अंगावर वागवीत सुरू केली, हे फारसे सांगितले जात नाही.

अँजेलो रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी इटलीतील सोत्तो इल मोंते या खेड्यात, अर्धेलीने शेती करणाऱ्या मोठ्या कुटुंबात झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. पुढे बेर्गामोच्या बिशपांचे सचिव म्हणून त्यांनी नऊ वर्षे सेवा केली. १९१४ साली त्या बिशपांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा रोंकाल्ली त्यांच्या उशाशी होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळांत जखमींची शुश्रूषा केली. त्यानंतर बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस व फ्रान्स येथे पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम पाहिले. १९५३ साली ते कार्डिनल झाले. मुंबईचे आर्चबिशप वॅलेरियन ग्रेशियस यांनाही त्याच वेळी हा मान लाभला. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, रोंकाल्ली पोप झाले.

सप्टेंबर १९६२ मध्ये, परिषद जेमतेम तीन आठवड्यांवर आली असता, तपासणीत त्यांच्या जठरात कर्करोग आढळला. अशा रोगात जठराच्या आतील आवरणाला व्रण पडतो, रक्तवाहिन्या झिजतात आणि रक्त आतल्या आत पाझरू लागते. रुग्ण फिकट व क्षीण होतो, शौचास काळे होते, कधी रक्ताची उलटी होते. बाहेरून दिलेले रक्त तात्पुरता आधार देते. मूळ रोग मात्र वाढतच राहतो. पोपमहोदयांच्या काही भावंडांचा अंतही कर्करोगानेच झाला होता. आपले दुखणे काय आहे हे त्यांनी ओळखले होते.

तरीही ११ ऑक्टोबर रोजी त्यांनी परिषदेचे उद्घाटन केले. त्याच महिन्यात क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा त्यांनी नभोवाणीवरून शांततेचे आवाहन केले. नोव्हेंबरअखेर मोठा रक्तस्राव झाला. लोकांना जठराचा विकार व रक्तक्षय एवढेच कळविण्यात आले. ११ एप्रिल १९६३ रोजी ‘पाचेम इन तेर्रिस’ हे शांतीविषयक विश्वपत्र प्रसिद्ध झाले.

मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा रक्तस्राव झाला. अनेकदा रक्त देण्यात आले. पण रोगाने जठराची भिंत भेदली होती आणि उदरपोकळीत दाह पसरला. ३१ मे रोजी त्यांचे सचिव लोरिस कापोविला यांनी अंतकाळ जवळ आल्याचे त्यांना स्पष्ट सांगितले. ते शांत राहिले. त्यांनी पवित्र कम्युनियन व अंत्याभ्यंग स्वीकारला, भावाबहिणींचा व सहकाऱ्यांचा निरोप घेतला. तीन दिवसांनी, चौकात त्यांच्यासाठी अर्पिलेली मिस्सा संपते न संपते तोच त्यांची प्राणज्योत मालवली.

२७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. आपल्या घरांतून अशा रुग्णापासून सत्य बहुधा लपविले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. पण त्यामुळे निरोपाची, क्षमेची व साक्रामेंतांची वेळ हातची निघून जाते. संत जॉन तेविसावे यांना ती वेळ मिळाली, कारण त्यांच्या जवळच्या माणसाने त्यांना खरे सांगण्याचे धैर्य दाखविले.