श्रीमंत सयाजीराव महाराज आणि अस्पृश्यतानिवारण

आपला कामरेज तालुका १९४९ पर्यंत बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. म्हणून श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र आपणांस परक्या राजाचे चरित्र नव्हे.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले आणि १८८१ च्या अखेरीस राज्याधिकार त्यांच्या हाती आला. परंतु जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची रूढी राजवाड्यासही चुकली नव्हती. महाराज मराठा, म्हणून पुरोहित त्यांच्या घरची धर्मकृत्ये पुराणोक्त मंत्रांनीच करीत. १८९६ साली महाराजांनी वेदोक्त विधी सुरू करविले. आम्ही स्वतः पुरोहितकुलातील आहोत. जेथे राजाची ही कथा, तेथे अंत्यजाची काय अवस्था असेल, हे आम्हांस उमजते.

अंत्यज मुलांसाठी महाराजांनी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तेथे पाऊल ठेवीनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस पंजाबातून बोलावून अंत्यजांच्या शिक्षणाचे कार्य त्यांच्यावर सोपविले. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले.

हेच आंबेडकर १९१७ साली महाराजांच्या नोकरीत बडोद्यास आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद न देता दुरूनच फेकीत. शहरात कोणी बिऱ्हाड देईना. पारशी वसतिगृहात ते नाव लपवून राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. अखेर त्यांस बडोदे सोडावे लागले. राजाची आज्ञा राजधानीतल्या उंबऱ्याशीच थांबली होती.

तरीही महाराजांनी कार्य सोडले नाही. पुढे संस्थानची देवळे अस्पृश्यांस खुली केली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते.

कायदा दार उघडतो. आत या, असे मात्र घरच्यांनीच म्हणावयाचे असते. उत्सवाच्या पंगतीत शेजारच्याची जात ऐकून ज्याचा घास अडखळतो, त्या भाविकाने महाराजांचे हे चरित्र अवश्य आठवावे.