कल्याणची बोलती सभा

वक्तृत्व ही उपजत देणगी की सरावाने येणारी विद्या, हा वाद शाळांतील वक्तृत्वस्पर्धांच्या दिवसांत आपल्या घरांतून हटकून निघतो. मुलाला भाषण लिहून द्यावे, ते घोकून घ्यावे, हातवारे बसवावेत, एवढ्यावर बहुतेकांची तयारी संपते. मला अशा वेळी एका फार जुन्या सभेची आठवण होते. ती भरत असे कल्याणास, म्हणजे सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच्या आजच्या बसवकल्याणास. आणि ती भरविणारे होते महात्मा बसवेश्वर.

बसवेश्वर बाराव्या शतकातले, विजापूरकडील बागेवाडीचे. घर ब्राह्मणाचे, पण मुंजीच्या वयातच त्यांनी जानवे नाकारले आणि कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरील कूडलसंगम गाठले, असे परंपरा सांगते. तेथे अध्ययन झाल्यावर ते मंगळवेढ्यास कलचुरी बिज्जळाच्या पदरी हिशेबाच्या कामावर लागले. मंगळवेढे आपण दामाजीपंतांचे आणि चोखोबांचे म्हणून ओळखतो. त्या दोघांच्या कितीतरी आधी बसवेश्वर तेथे वावरले होते. पुढे बिज्जळाने चालुक्यांची गादी बळकावली, तेव्हा तेही कल्याणास आले आणि राज्याच्या भांडाराचे प्रमुख झाले.

कल्याण हे विद्वानांचे नगर. विज्ञानेश्वरांची मिताक्षरा येथली, काश्मीरहून आलेला बिल्हण येथलाच राजकवी. परंतु ही सारी विद्या संस्कृतातली आणि मोजक्या घरांतली. चांभार, परीट, नावाडी, दोर वळणारा यांना विद्वानांच्या सभेत कोण बोलू देणार? आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बोलू दिले नाही, त्याची जीभ सभेत अडखळावी यात नवल ते काय? बसवेश्वरांनी हे ओळखले. त्यांनी अनुभव मंटपाची सभा सुरू केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे न घेता अल्लमप्रभूंना दिले.

या सभेची रीत मला फार मोलाची वाटते. बोलायचे ते लोकांच्या कन्नडमध्ये, थोडक्यात, आणि आपल्या अनुभवाचे. जो तो आपल्या धंद्यातले दाखले देई. वचनाच्या शेवटी आपल्या इष्टदेवाची मुद्रा घालायची. नावाडी चौडय्याने तर स्वतःचे नावच मुद्रा म्हणून वापरले. म्हणजे बोललेल्या शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्याच्या शिरावर. मग इतरांनी प्रश्न विचारायचे, आणि त्याने पुन्हा उत्तर द्यायचे. सरावाची याहून कसदार तालीम मला ठाऊक नाही.

तालमीतून कोणाची सुटका नव्हती. अक्कमहादेवी आली, तेव्हा अल्लमप्रभूंनी तिची भर सभेत कसून परीक्षा घेतली. एकेका प्रश्नाला तिने शांतपणे उत्तर दिले आणि सभेने तिला मानाचे स्थान दिले. आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर केवढे मोठे. तळी खोदणारे, देवालये बांधणारे. त्यांनाही अल्लमप्रभूंचे खडे बोल ऐकावे लागले. सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणाऱ्या मारय्याने एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले, तर त्याची पत्नी लक्कम्मा हिने त्याला ते परत टाकून यायला लावले. तिचीही वचने आज आहेत. खुद्द बसवेश्वर पूजेत गुंतले म्हणून दारी आलेल्या अल्लमप्रभूंच्या सामोरे गेले नाहीत, तेव्हा भाचे असलेल्या चन्नबसवांनी त्यांना चूक दाखविली. राज्याचा भांडारप्रमुख मुकाट्याने उठला आणि दाराशी गेला. ऐकून घेण्याची ही सवय हा मला त्यांच्या वाणीचा पाया वाटतो.

जे बोलायचे ते वागण्यात उतरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्याची किंमत मोठी पडली. चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी मान्य केला. नगर खवळले, बिज्जळाने दोन्ही बापांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. बसवेश्वर कूडलसंगमास परतले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. बिज्जळाचाही खून झाला. शरणांची पांगापांग झाली, आणि चन्नबसवांबरोबर एक जथा वचनांची पोथी-पाने जिवापाड सांभाळीत उळवीच्या रानाकडे गेला. ती परंपरा मठांतून, घरांतून टिकली. विसाव्या शतकात विजापूरच्या फ. गु. हळकट्टी यांनी ताडपत्रे धुंडाळून 1923 साली वचनांचा मोठा संग्रह छापला, तेव्हा त्या परिटाचा, नावाड्याचा, लक्कम्माचा आवाज पुन्हा चारचौघांत आला. 2021 साली बसवकल्याणास नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली.

ज्यांना बोलण्याचा अधिकारच नव्हता, ते या सभेत बसून, बोलून, चुकून, पुन्हा बोलून वक्ते झाले. म्हणून भाषण लिहून मागणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे असते, की आठवड्यातून एक संध्याकाळ घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. मुलाने स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर पाच मिनिटे आपल्या भाषेत बोलावे आणि मोठ्यांनी त्याला मनापासून प्रश्न विचारावेत. घरी कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा त्या वेळी दारात उभा असेल, तर त्यालाही आत बोलावून बोलण्याची पाळी द्यावी.