हाइनरिख रूमकोर्फ

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत लांकडी पाटावर आडवें बसविलेलें, काळ्या पिंपासारखें दिसणारें एक यंत्र पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. त्यास रूमकोर्फचें वेटोळें म्हणतात. ज्याचें नांव त्या यंत्रास चिकटलें तो कोणी प्राध्यापक नव्हता. हातानें काम करणारा कारागीर होता.

हाइनरिख डानिएल रूमकोर्फ ह्याचा जन्म सन १८०३ मध्यें जर्मनींतील हानोव्हर येथें झाला. पुढें तो पॅरिसला गेला, शेवालिये ह्या उपकरणकाराच्या कारखान्यांत राबला आणि कालांतरानें त्यानें स्वतःचें दुकान थाटलें.

सन १८५१ च्या सुमारास त्यानें हें वेटोळें हातीं घेतलें. त्याचें तत्त्व फॅरडेनें १८३१ मध्येंच शोधिलें होतें. लोखंडाच्या गाभ्याभोंवतीं जाड तांब्याच्या तारेचे थोडे वेढे आणि त्यांवर अगदीं बारीक तारेचे हजारों वेढे द्यावयाचे. जाड तारेंतून लहानशा घटमालेचा प्रवाह सोडून एकाएकीं तोडला कीं बारीक तारेच्या टोंकांशीं हजारों व्होल्टांचा दाब क्षणभर उसळतो आणि कडाडत ठिणगी उडते. प्रवाह जितका झटकन तुटेल तितका दाब अधिक. परंतु तोडणीच्या जागींच ठिणगी रेंगाळली तर सारें फुकट! म्हणून सन १८५३ मध्यें फिजो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें तेथें विद्युत्संग्राहक जोडण्याची युक्ति सुचविली व रूमकोर्फनें ती स्वीकारली.

ह्याहून मोठी अडचण पुढेंच होती. दाब वाढला कीं ठिणगी वेढ्यांमधून आंतल्या आंत फुटे व केलेली सारी मेहनत वायां जाई. बोस्टन येथील रिची ह्या कारागिरानें बारीक तार लहान लहान विभागांत गुंडाळली, त्यामुळें शेजारशेजारच्या वेढ्यांतील दाबाचा फरक थोडा राहिला. रूमकोर्फनें ही पद्धतहि उचलली. दुसऱ्याची चांगली कल्पना घेण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं, हा त्याचा गुणच म्हणावयाचा.

सन १८६४ मध्यें तिसऱ्या नेपोलियननें त्यास व्होल्टाच्या नांवाचें ५०,००० फ्रँकांचें पारितोषिक दिलें. त्याच वर्षाच्या जानेवारींत आयर्लंडांत मेनूथ कॉलेजचे प्राध्यापक रेव्हरंड निकोलस कॅलन निवर्तले होते. असें वेटोळें त्यांनीं १८३६ सालींच बनविलें होतें! अमेरिकेंत पेज ह्यानेंहि त्याच सुमारास तसा प्रयत्न केला होता. त्याचा हक्क मान्य करण्यास तेथील काँग्रेसनें १८६८ मध्यें खास कायदा केला. कॅलन ह्यांच्या वांट्यास असें कांहींच आलें नाहीं. अग्रमान त्यांचा, ह्यांत संशय नाहीं. तथापि हें यंत्र भरंवशाचें करून देशोदेशींच्या प्रयोगशाळांत पोंचविलें तें रूमकोर्फनें, हेंहि विसरतां येत नाहीं.

सन १८७७ च्या डिसेंबरांत रूमकोर्फ पॅरिस येथें वारला. पुढें दहा वर्षांनीं हर्ट्झनें विद्युल्लहरी निर्माण केल्या व १८९५ मध्यें राँटगेनला क्ष-किरण आढळले. दोघांच्याहि मेजावर ठिणगी पुरविणारें हेंच वेटोळें होतें.