अस्थिमज्जेचे कोडे आणि डॉ. ल्युसी विल्स

रक्ताच्या दुर्धर आणि दुर्मीळ आजारांवर आज मूळपेशींचे, म्हणजेच स्टेम सेल्सचे, प्रत्यारोपण केले जाते. दात्याच्या कमरेच्या हाडातील मज्जेतून या पेशी काढल्या जातात. किंवा काही दिवस इंजेक्शने देऊन त्या रक्तात उतरवल्या जातात आणि यंत्राद्वारे वेगळ्या केल्या जातात. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. मात्र मज्जेला रक्त घडवण्यासाठी काय लागते, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा त्याआधी अर्धशतक याच परिसरात, भोईवाड्याजवळच्या हाफकिन संस्थेत, गवसला होता. तो शोधणाऱ्या संशोधिका म्हणजे डॉ. ल्युसी विल्स.

इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्यानंतर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडनमधून डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळेची वाट धरली.

त्या काळी मुंबईतील गरीब वस्त्यांमध्ये, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये, गरोदरपणी एक जीवघेणा रक्तक्षय आढळत असे. बाळंतपणातील मृत्यूंच्या चौकशीचे काम पाहणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून १९२८ च्या अखेरीस विल्स मुंबईत आल्या. हा रोग जंतूंमुळे होत असावा, अशीही एक शंका होती. विल्स यांनी मात्र स्वयंपाकघरांत डोकावून पाहिले. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने अत्यल्प, त्यांनाच हा आजार अधिक जडतो, असे त्यांना दिसून आले.

सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. मज्जेतील पेशींची वाढ होत होती, विभाजन मात्र नीट होत नव्हते. विल्स यांनी माकडांना तशाच निकृष्ट आहारावर ठेवून हा आजार निर्माण केला आणि एकेक पदार्थ देऊन पाहिला. गुण आला तो मार्माईटने! बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा हा स्वस्त अर्क. तो दिल्यावर गर्भवतींचेही रक्त भरून येऊ लागले. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी असेही दाखवले की, साध्या यकृत-अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, शुद्ध केलेल्या अर्काने नाही. म्हणजेच हा घटक तोवर ठाऊक असलेल्या यकृतातील औषधी द्रव्याहून वेगळा होता. त्याला विल्स घटक हे नाव मिळाले.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून हाच घटक वेगळा करण्यात आला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले जाऊ लागले. पेशीविभाजनासाठी लागणारे डीएनए घडवण्यास ते आवश्यक असते. मज्जेत अहोरात्र नव्या पेशी तयार होत असल्याने त्याची उणीव तेथे लवकर जाणवते.

या शोधाची दुसरी बाजू तितकीच मोलाची ठरली. फॉलिक आम्लाने पेशी वाढत असतील, तर ते अडवल्यास बेफाम वाढणाऱ्या पेशींना लगाम बसेल, हा तो विचार. अमेरिकेत आंध्रचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने असे विरोधी द्रव्य तयार केले आणि १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी त्याच्या साह्याने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचा आजार काही काळ आटोक्यात आणला. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आज प्रत्यारोपणानंतरही दिले जाते. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला चढवू नये, यासाठी त्याच्या छोट्या मात्रा उपयोगी पडतात.

मुंबईतून परतल्यावर विल्स यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात रक्तविज्ञान विभाग उभा केला. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरी संशोधन सुरूच राहिले. त्यांनी विवाह केला नाही. साधी राहणी आणि सायकलने कामावर जाणे ही त्यांची ओळख होती. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. विल्स घटक हे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण आरोग्य केंद्रात गर्भवतींना मिणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळीत, थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांच्या औषधांत आणि नव्या मज्जेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांच्या उपचारांत त्यांचे काम आजही चालू आहे. ज्या गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तातून हे ज्ञान मिळाले, त्यांची नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत.