रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

स्मरणिका समितीने थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं. माझी सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून मी एखाद्या अर्थतज्ज्ञावर लिहीन असं सभासदांना वाटलं असेल. पण मी लिहिणार आहे एका कापडगिरणीच्या स्टोअरकीपरवर.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजातलं. परिस्थिती बेताची. काही दिवस रेल्वेत, काही दिवस टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मुंबईत मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल तिथे रोज डोळ्यांसमोर असायचे. गिरण्यांत अजून विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. दिवस मोठा झाला की कामही वाढायचं. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. यंत्रं कधी बंद राहिलीच तर ती साफ करायला यावं लागे.

१८८१ साली पराक्राम्य संलेख अधिनियम आला. आमच्या बँकेच्या परीक्षांना तो पाठ करावा लागे. त्यातल्या सार्वजनिक सुट्टीच्या व्याख्येत रविवार आहे. म्हणजे हुंडीची मुदत रविवारी भरली तर काय करायचं, याची काळजी कायद्याने घेतली होती. पहिला कारखाना कायदा त्याच वर्षीचा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, पण मोठ्या माणसांच्या सुट्टीबद्दल त्यात काही नव्हतं. कागदाला रविवार होता, माणसाला नव्हता!

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढलेलं दीनबंधु हे पत्र १८८० मध्ये त्यांनी मुंबईला नेलं आणि चालवलं. त्या वेळी बरेच देशी पुढारी आणि मोठी वृत्तपत्रं कारखाना कायद्याच्या विरोधात होती. हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, असं ते म्हणत. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण डाव कुणाचा का असेना, गिरणीतली बाई चौदा तास उभी आहे हे काही खोटं ठरत नव्हतं. लोखंडे त्या बाजूला उभे राहिले.

१८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या अशा : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. मला यातली पगाराच्या तारखेची मागणी फार मोलाची वाटते. पगार अडकून राहिला की मालकाला ते बिनव्याजी भांडवल होतं, आणि मजूर मात्र तेवढे दिवस वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे व्याज भरतो. गरिबाची गरिबी अशीच वाढत जाते, हे मी कर्जखाती बघून सांगतो. जखमींच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं आणि वेळेवर पगाराचा कायदा आला १९३६ साली. म्हणजे ३९ वर्षं आणि ५२ वर्षं!

त्यांची संघटना बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन. तिला ना सभासदांचं रजिस्टर, ना निधी, ना नियम. (आपल्या ऑडिटरांनी पहिल्याच पानावर शेरा मारला असता.) येईल त्या कामगाराला सल्ला द्यायचा, त्याचा अर्ज लिहायचा, हीच संघटना. तरीही २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बाया उठून बोलल्या, हे मला विशेष वाटतं. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली.

आपलं अणदूर तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजांचा हा कायदा इकडे लागू नव्हता. पण सोलापुरात १८७७ पासून कापडगिरणी होती आणि सोलापूर मुंबई इलाख्यात. इकडून नळदुर्गमार्गे तिकडे पोट भरायला गेलेल्या माणसाला रविवार मिळायचा, गावी राहिलेल्या सालगड्याला नाही.

१८९३ च्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर लोखंड्यांनी राणीच्या बागेत एकीसाठी मेळावा भरवला. सरकारने रावबहादूर केलं. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली आणि ९ फेब्रुवारीला ते गेले. वय जेमतेम ४९. टपाल खात्याने २००५ साली त्यांचं तिकीट काढलं. कधीकाळी त्याच खात्यात ते नोकरीला होते.

धाराशिव जिल्ह्यातून आजही दिवाळीच्या सुमारास जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. आजारी पडून दिवस बुडाला तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापतात. ते आपल्या हातात नाही म्हणू या. पण आपले वॉचमन काका आणि झाडलोट करणाऱ्या मावशी आठवड्याचे सातही दिवस येतात, ते तर आपल्याच हातात आहे. त्यांना भरपगारी साप्ताहिक सुट्टी आणि पाच तारखेच्या आत पगार मिळावा, हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी सेक्रेटरींकडे लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे.