नद्यांचा यात्रेकरू : काकासाहेब कालेलकर

(बी. ए. भाग दोन)

नदी आणि साहित्य यांचे नाते फार जुने आहे. ज्या देशात माणसे हौसेने नावेत बसतात, त्या देशात नावेतील प्रवासाची पुस्तकेही जन्माला येतात. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक १८७६ साली एका मित्राबरोबर बेल्जियम आणि फ्रान्समधील कालव्यांतून व नद्यांतून छोट्या होडीने हिंडला आणि १८७८ साली त्याचे पहिले प्रवासपुस्तक निघाले. जेरोम के. जेरोम या विनोदी लेखकाने १८८८ साली लग्नानंतरची सुटी थेम्स नदीवर नावेत घालविली आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘थ्री मेन इन अ बोट’ प्रसिद्ध झाले. ते वाचून लोक आजही पोट धरून हसतात.

आपल्याकडे असे कोणी झाले काय, हा प्रश्न माझ्या मनात आला. कॉलेजच्या ग्रंथालयात शोधता शोधता माझ्या हाती ‘लोकमाता’ लागले आणि काकासाहेब कालेलकरांची ओळख झाली. शाळेत त्यांचे नाव केवळ गांधीजींचे अनुयायी म्हणून ऐकले होते. हा मनुष्य आयुष्यभर नद्यांच्या भेटी घेत हिंडला, हे मला ठाऊक नव्हते. इंग्रज लेखक नावेत बसून हसतो. आमचे काकासाहेब पाणी दिसताच हात जोडतात. पण प्रवासाची ओढ दोघांचीही सारखीच.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे सावंतवाडीकडील. वडील सरकारी नोकरीत हिशेबाचे काम करीत. त्यांच्या बदल्यांमुळे लहानग्या दत्तूचे बालपण सातारा, कारवार, बेळगाव अशा निरनिराळ्या गावी गेले. आपल्याला वाटते की सारख्या बदल्यांमुळे मुलाचे नुकसान होते. दत्तूला मात्र प्रत्येक गावी एक नवी नदी मिळाली. साताऱ्याला कृष्णा होती. कारवारला काळी नदी समुद्राला मिळते, तो संगम होता. बेळगावजवळ बेळगुंदीला चिमुकली मार्कंडी होती. गंगेच्या वर्णनासाठी त्यांनी जेवढी शाई खर्च केली, तेवढ्याच प्रेमाने नकाशात न दिसणाऱ्या या मार्कंडीवरही लिहिले. बालपणीच्या या आठवणी पुढे ‘स्मरणयात्रा’ या पुस्तकात आल्या.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९०७ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळे. पण टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या या तरुणाने ती वाट धरली नाही. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात त्यांनी काम केले. १९१० साली ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. तेथे शिक्षकांना काका, मामा अशा घरगुती नावांनी हाक मारण्याची पद्धत होती. दत्तात्रेयांचे ‘काका’ तेथे झाले आणि ते नाव जन्मभर टिकले. इंग्रज सरकारची वक्रदृष्टी झाल्यामुळे १९११ साली ते विद्यालय बंद पडले.

हातचे काम गेले. दुसरा एखादा खचून गेला असता. काकासाहेब १९१२ साली हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद आणि आणखी एक सोबती यांच्याबरोबर ते पायी हिंडले आणि गंगा-यमुनांची उगमस्थाने त्यांनी डोळे भरून पाहिली. त्या यात्रेतून ‘हिमालयातील प्रवास’ हे पुस्तक निर्माण झाले. १९१३ साली आचार्य कृपलानींबरोबर ते ब्रह्मदेशात गेले. त्या सुवर्णभूमीची माता जी ऐरावती, तिच्यावरही त्यांचा एक सुंदर लेख आहे.

१९१५ साली शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि भटकणाऱ्या या प्रवाहाला पात्र मिळाले. ते साबरमतीच्या आश्रमात आले, शिक्षक झाले, अनेकदा तुरुंगात गेले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींच्या सहवासात होते. गुजरात विद्यापीठाचे ते कुलनायक झाले. आश्चर्य असे की मातृभाषा मराठी असूनही त्यांचे बहुतेक लेखन गुजरातीत झाले, आणि ते इतके अस्सल की गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ही पदवी दिली. मराठी माणसाला याचा थोडा हेवा वाटतो. पण नदी एका मुलखात उगम पावते आणि दुसऱ्याच मुलखाचे शेत भिजविते, याला काय म्हणावे?

‘लोकमाता’ हे पुस्तक गुजरातीत १९३४ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यात सरोवरे, धबधबे आणि समुद्र यांवरील लेखांची भर पडून ‘जीवनलीला’ हा ग्रंथ तयार झाला. संस्कृतात जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणीही. या नावात दोन्ही अर्थ आहेत. या ग्रंथात गोदावरी आहे, तुंगभद्रा आहे, पुण्याचा मुळा-मुठा संगम आहे, काश्मीरची वितस्ता आहे, भेडाघाटची नर्मदा आहे. सिंधमधील मंचर सरोवर आहे, जेथील कोळी नावांवरच संसार थाटतात. आफ्रिकेत नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते, ती जागाही आहे.

यातील जोगच्या धबधब्याची हकीकत मला फार आवडते. १९२७ साली गांधीजींचा म्हैसूर संस्थानात दौरा चालू होता. धबधबा जवळ असल्यामुळे काकासाहेबांनी त्यांना पाहावयास चलण्याचा आग्रह केला. गांधीजींनी पाणी किती उंचावरून पडते ते विचारले. नऊशे साठ फूट, असे काकासाहेबांनी सांगितले. तेव्हा आकाशातून पडणारे पावसाचे पाणी त्याहून उंचावरून येते, असे म्हणून गांधीजींनी तो विषय संपविला. कामे टाकून मौज पाहावयास जाणे त्यांना पटेना. काकासाहेब मात्र गेले. गुरूवर एवढी श्रद्धा असूनही या एका बाबतीत त्यांनी आपल्या मनाचे ऐकले. मला वाटते, काकासाहेबांचा खरा स्वभाव येथेच दिसतो. सृष्टीचे दर्शन हा त्यांच्या लेखी चैनीचा विषय नव्हता, ती उपासना होती.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या १९२७ साली काकासाहेबांनी जोगचे पाणी पाहिले, त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकाच वर्षी, पाण्याशीच संबंध असलेल्या या दोन घटना. एकात पाण्याचे सौंदर्य पाहण्याची ओढ, दुसऱ्यात पाण्याला नुसता हात लावण्याचा हक्क. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझी आजी सांगते की तिच्या लहानपणी नदीवर पाणवठ्याच्या दोन जागा होत्या. वरच्या अंगाचे पाणी इतरांचे आणि खालच्या अंगाचे आमचे. नदी तिच्यासाठी डोक्यावरची घागर होती, धुण्याचा दगड होता, पुराच्या दिवसांतली धास्ती होती. नदीकडे सहज पाहत बसावे, नावेत बसून चार दिवस मजेत काढावेत, असा विचार तिला शिवलाही नसेल. म्हणून ‘लोकमाता’ वाचताना माझे मन आनंदाने भरून येते आणि त्याच वेळी विचारते, ही लोकांची माता सर्व लोकांची होती काय?

काकासाहेबांना या प्रश्नाची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर ते १९५२ ते १९६४ पर्यंत राज्यसभेचे सदस्य होते. अनुसूचित जाती-जमातींखेरीज जे मागासलेले वर्ग आहेत, त्यांच्यासाठी १९५३ साली नेमलेल्या पहिल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९५५ साली आयोगाने अहवाल दिला. त्यात २,३९९ जाती मागास ठरविल्या होत्या आणि तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणात या वर्गांतील पात्र विद्यार्थ्यांसाठी ७० टक्के जागा राखाव्यात असे सुचविले होते. पण अहवाल सादर करतानाच्या पत्रात, जात हा मागासलेपणाचा आधार मानण्यास अध्यक्षांनी स्वतःच असहमती दर्शविली. सरकारने तो अहवाल स्वीकारला नाही. त्या यादीतल्या जातींतील कितीतरी मुले आज माझ्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांच्या वडिलांच्या पिढीला ही संधी वेळेवर मिळाली असती, असे वाटून जीव हळहळतो. काकासाहेबांचा हेतू शुद्ध होता. जातिभेद वाढू नये हीच त्यांची तळमळ होती. तरीही पाणवठ्याच्या दोन जागा जातीनेच ठरविल्या होत्या, तर त्या मोडतानाही जातीचा विचार करावाच लागेल, असे मला नम्रपणे वाटते. थोर माणसावर प्रेम करावे आणि एखाद्या ठिकाणी त्याच्याशी भांडावेही. गांधीजींना सोडून जोगला जाणाऱ्या काकासाहेबांना हे खात्रीने मान्य झाले असते.

१९६४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९६५ साली ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती पुस्तकासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २१ ऑगस्ट १९८१ रोजी वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

काकासाहेबांनी मला एक दृष्टी दिली, ती घेऊन मी आपल्या वाशिम जिल्ह्याचा नकाशा पाहिला आणि थक्क झालो. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. रिसोड तालुक्यातून जाणारी पैनगंगा मात्र वर्धेला मिळते आणि तिचे पाणी प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोचते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांच्या वाटेला लागतो! थेम्सवर मौजेच्या नावा आहेत, काश्मिरात शिकारे आहेत. आमच्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात, आणि पावसाळ्यात त्यांच्यात उतरण्याचे धाडस होत नाही. तरी पोळा-दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळते आणि वाहतेही असते. गावच्या भोयांना विचारून, त्यांच्या डोंग्यातून मित्रांसह पैनगंगेवर दोन दिवस हिंडावे, काठावरच्या म्हाताऱ्यांना जुने पाणवठे विचारावेत आणि सर्व लिहून काढावे, असे मी ठरविले आहे. आजीलाही एकदा डोंग्यात बसविणार आहे. ती नाही म्हणते, पण कोणत्या दिवशी जाणार हेही विचारते.