विश्लेषण : भाषा घडली कशी? इतिहासाचार्य राजवाडे यांनी काय शोधले?

ठाण्याहून कल्याणकडे धीमी लोकल निघाली की कळवा, मुंब्रा, दिवा ही नावे कानावर पडतात. गावाचे नाव हाही इतिहासाचा पुरावा, असे मानणारे संशोधक म्हणजे वि. का. राजवाडे. माणूस आपला विचार व्यक्त करायला कसा शिकला, हा प्रश्नही त्यांनी मराठीतच मांडला.

कोण होते राजवाडे?

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी वरसई (आताचा रायगड जिल्हा) येथे झाला. वडील लहानपणीच गेले. शिक्षण डेक्कन कॉलेजात झाले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. गावोगावी फिरून जुनी दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली.

भाषेकडे कसे वळले?

जुन्या कागदांतली मराठी वेगळी होती. ती उलगडल्याशिवाय इतिहास कळत नव्हता. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. १९२४ मध्ये संपादित केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेत उत्तर कोकणातील ग्रामनामांवरून जुन्या वसाहतींचा माग काढला.

विचार आणि भाषेचे नाते काय?

त्यांच्या एका निबंधाचे नाव ‘विकारविचारप्रदर्शनाच्या साधनांची उत्क्रांती’. विकार म्हणजे येथे भावना. भावना आणि विचार दाखवण्याची साधने माणसाला आयती मिळाली नाहीत, ती टप्प्याटप्प्याने घडली, अशी ही भूमिका.

संस्कृतबद्दलचा दावा कोणता?

संस्कृतला देववाणी मानणाऱ्या समाजात त्यांनी ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ लिहिला. संस्कृतही इतर भाषांसारखीच घडली, तिच्यात आधीच्या अनेक बोली मिसळल्या आणि व्याकरणातले अपवाद हे त्यांचेच अवशेष आहेत, असे त्यांनी मांडले.

अपवाद म्हणजे काय, हे एका उदाहरणातून कळते. संस्कृतात ‘मी’साठी ‘अहम्’, पण ‘माझे’साठी ‘मम’. शब्द एकच, मुळे दोन. इंग्रजीतही ‘आय’ आणि ‘माय’ अशीच जोडी आहे. म्हणजे ही विसंगती संस्कृतच्याही आधीची.

मर्यादा कोणत्या?

त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. इंग्रजी येत असूनही मराठीतच लिहिण्याचा आग्रह धरल्याने त्यांचे काम महाराष्ट्राबाहेर फारसे पोहोचले नाही. ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

आज महत्त्व काय?

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. उत्तरे जुनी झाली, तरी भाषा पवित्र मानून तिच्यापुढे हात जोडण्यापेक्षा ती कशी घडली हे विचारण्याची त्यांची पद्धत आजही उपयोगी आहे.